अज्ञातवासानंतरचे सेनापती बापट

बेळगाव शहराच्या उत्तरेला, मार्कंडेय नदीच्या परिसरात कंग्राळी खुर्द आणि कंग्राळी बुद्रुक ही दोन गावे आहेत. सीमाभागातल्या इतर मराठी गावांप्रमाणे तिथेही समन्स, तारीख, जामीन आणि वॉरंट हे शब्द केवळ वकिलांच्या तोंडी राहिलेले नाहीत. आंदोलनात उतरलेल्या माणसावर गुन्हा नोंद होतो, कोणीतरी आप्त आपल्या जमिनीचा उतारा घेऊन त्याला जामीन राहतो आणि पुढे वर्षानुवर्षे तारखा चालतात. तारीख चुकली की वॉरंट निघते. माणूस बेपत्ता झाला तर त्याच्या शब्दावर विसंबून सही करणाऱ्याला न्यायालयापुढे जाब द्यावा लागतो आणि जामिनाची रक्कम त्याच्या खिशातून जाते. या सीमालढ्यासाठी वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी उपोषणाला बसलेले सेनापती पांडुरंग महादेव बापट हे ऐन तारुण्यात सरकारच्या लेखी एक फरारी आरोपी होते. त्या फरारीपणाने त्यांना काय दिले आणि त्यांच्याकडून काय घेतले, हे पाहिल्याखेरीज त्यांचे पुढचे आयुष्य उलगडत नाही.

बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर येथे झाला. घरची स्थिती बेताची होती, परंतु बुद्धी तल्लख. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतल्यावर मुंबई विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळवून १९०४ मध्ये ते अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी एडिंबरोला गेले. तिथे १९०६ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातील ब्रिटिश राजवटीवर परखड निबंध वाचला. तो छापून प्रसिद्ध झाला आणि शिष्यवृत्ती गेली. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये श्यामजी कृष्ण वर्मा आणि विनायक दामोदर सावरकर यांच्या सहवासात त्यांचा मार्ग निश्चित झाला. बाँब बनविण्याची विद्या शिकण्यासाठी ते पॅरिसला गेले. बंगालचे हेमचंद्र दास आणि मिर्झा अब्बास हे त्यांचे सोबती होते. रशियन क्रांतिकारकांकडून मिळालेली माहिती घेऊन बापट १९०८ मध्ये मायदेशी परतले.

घाईघाईने चार स्फोट घडवून सरकारला सावध करू नये, आधी देशभर तयारी करावी, असे त्यांचे मत होते. मात्र घटनांचा वेग त्यांच्या हातात नव्हता. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला न्यायाधीश किंग्जफोर्ड यांच्यासाठी टाकलेला बाँब चुकीच्या गाडीवर पडला आणि केनेडी मायलेकींचा बळी गेला. दोनच दिवसांनी, २ मे रोजी, कलकत्त्यातील माणिकतळ्याच्या बागेवर छापा पडला. अरविंद घोष, त्यांचे बंधू बारींद्र, उल्हासकर दत्त, हेमचंद्र दास आदी अनेक जण पकडले गेले. अटकेतील नरेंद्र गोस्वामी हा माफीचा साक्षीदार झाला आणि त्याच्या जबानीत बापट यांचे नाव आले. बापट यांनी घर, गाव आणि स्वतःचे नावही मागे टाकले.

आरोपी सापडत नाही असे दिसले की त्या वेळचा कायदा ठराविक वाटेने जात असे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार न्यायालय जाहीरनामा काढी. तो आरोपीच्या गावात सर्वांसमक्ष वाचला जाई आणि त्याच्या राहत्या घरावर डकवला जाई. हजर होण्यासाठी किमान तीस दिवसांची मुदत असे. मालमत्तेवर जप्ती आणता येई आणि साक्षीदारांच्या जबान्या आरोपीच्या अनुपस्थितीत नोंदवून ठेवता येत. पळणारा एकटा पळे, पण दवंडी त्याच्या माणसांच्या दारात पिटली जाई. आजच्या कायद्याने ही पकड अधिकच घट्ट केली आहे. जामिनावर सुटून न्यायालयात हजर न राहणे हा आता स्वतंत्र गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे, गंभीर गुन्ह्यातील घोषित फरारी आरोपीचा खटला त्याच्या गैरहजेरीतही चालवून निकाल देता येतो.

बापट अज्ञातवासात असताना अलीपूरचा खटला मात्र अनपेक्षित वळणांनी पुढे सरकत होता. ३१ ऑगस्ट १९०८ रोजी कन्हाईलाल दत्त आणि सत्येंद्रनाथ बसू यांनी तुरुंगातच नरेंद्र गोस्वामीला गोळ्या घातल्या. सत्र न्यायालयात त्याची उलटतपासणी होण्यापूर्वीच तो गेल्यामुळे त्याच्या जबानीचा आधार ढासळला. चित्तरंजन दास यांनी अरविंदांची बाजू मांडली आणि ६ मे १९०९ रोजी, वर्षभराच्या कारावासानंतर, अरविंद निर्दोष सुटले. बारींद्र आणि उल्हासकर यांना झालेली फाशीची शिक्षा अपिलात जन्मठेपेवर आली. पॅरिसचे सोबती हेमचंद्र दास काळ्या पाण्यावर गेले.

या निकालाच्या आरशात बापट यांच्या अज्ञातवासाचा जमाखर्च मांडता येतो. हजर राहिले असते तर कदाचित हेमचंद्रांप्रमाणे अंदमानची वाट धरावी लागली असती, कदाचित अरविंदांप्रमाणे वर्षभरात सुटकाही झाली असती. यांपैकी काहीच घडले नाही. अंदमान टळले, पण निर्दोषत्वाचा निर्वाळाही मिळाला नाही. जे खटल्याला सामोरे गेले, त्यांचे प्रकरण वर्षभरात बऱ्या-वाईट निकालाला पोचले. बापट यांच्यावरचा संशय मात्र तसाच टांगलेला राहिला. १९१२ मध्ये ते पोलिसांच्या हाती लागले. त्यांचे नाव घेणारा साक्षीदार तोवर केव्हाच मरण पावला होता. जी जबानी चुकविण्यासाठी ते परागंदा झाले होते, तिच्यातले बळ त्यांच्या अज्ञातवासाच्या आरंभीच सरले होते, तरीही तिची सावली चार वर्षे त्यांच्या पाठीशी राहिली.

त्या चार वर्षांनी त्यांना एक गोष्ट मात्र शिकविली. ओळख लपवून देशभर फिरताना त्यांनी सामान्य माणसाचे जगणे जवळून पाहिले. आपला देश परक्यांच्या ताब्यात आहे, याची जाणीवच असंख्य लोकांना नव्हती. मूठभर तरुणांच्या गुप्त मंडळाने आणि एखाद्या स्फोटाने ती होणार नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. अंधारात काम करणारा माणूस लोकांना जागे करू शकत नाही, कारण लोकांना त्याचे नावही ठाऊक नसते. पुढच्या आयुष्यातील बापट या अनुभवातून घडले.

मोकळे झाल्यावर त्यांनी केलेली कामे पाहिली तर त्यांत लपवाछपवीला जागाच दिसत नाही. पारनेरचे रस्ते ते भल्या पहाटे झाडू लागले. उच्चशिक्षित ब्राह्मणाने हाती झाडू घेणे त्या काळी गावाला पचणारे नव्हते. १९१४ मध्ये मुलाच्या बारशाला त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या मंडळींना पहिल्या पंगतीला बसविले. पुढे पुण्यात ‘चित्रमयजगत्’ आणि ‘मराठा’ या पत्रांत काम केले. अंदमानात खितपत पडलेल्या राजबंद्यांच्या सुटकेसाठीही ते झटले. सहकाऱ्यांनी भोगलेल्या शिक्षेचे ओझे त्यांच्या मनावर असावे, असे या खटपटीकडे पाहताना वाटते.

१९२१ मध्ये मुळशीच्या खोऱ्यात टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. पन्नासहून अधिक गावांतील शेतकऱ्यांची भातशेती पाण्याखाली जाणार होती. या लढ्यानेच बापट यांना सेनापती हे नाव दिले. पुन्हा पुन्हा अटक झाली, पुन्हा पुन्हा ते तुरुंगात गेले. १९२४ च्या अखेरीस त्यांनी धरणाच्या कामाची रेल्वे रोखण्याचे धाडस केले आणि त्याबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. या कृत्याचे दायित्व त्यांनी नाकारले नाही. शुद्ध सत्याग्रहाची त्यांची कल्पना गांधीजींपेक्षा वेगळी होती. शस्त्र उचलणे त्यांना सर्वथा निषिद्ध नव्हते. मात्र जे करायचे ते उघड करावे, आपण केले असे सांगावे आणि शिक्षा स्वतःच्या अंगावर घ्यावी, ही त्यांची अट होती. १९०८ मध्ये वॉरंट चुकविणाऱ्या तरुणाने ही अट घालावी, यात त्याच्या आयुष्याचा सगळा प्रवास येतो.

१९३१ मध्ये सुटका झाली आणि त्याच वर्षी भाषणांबद्दल पुन्हा दीर्घ शिक्षा झाली. तुरुंगाबाहेर यायला १९३७ साल उजाडले. या शिक्षांचा हिशेब मांडला तर अज्ञातवासाने वाचविलेली वर्षे तुरुंगाने कितीतरी पटीने वसूल केली. बापट यांनी त्याबद्दल कुरकुर केली नाही, कारण ही वर्षे त्यांनी स्वतः स्वीकारलेली होती.

गोव्याला बापट यांची ओळख आहे ती १८ मे १९५५ मुळे. त्या दिवशी नानासाहेब गोरे यांच्यासमवेत सत्याग्रहींची पहिली मोठी तुकडी घेऊन त्यांनी पोर्तुगीज हद्दीत प्रवेश केला. तेव्हा त्यांचे वय चौऱ्याहत्तर होते. गोरे यांना पुढे दहा वर्षांची सजा झाली आणि बापट यांना सीमेबाहेर धाडण्यात आले. वाट आधीच जाहीर केलेली, हातात शस्त्र नाही आणि समोर सशस्त्र पोलीस उभे, अशा स्थितीत ते चालत गेले.

पुढच्याच वर्षी, १७ जानेवारी १९५६ रोजी, बेळगावात मराठी जनतेवर गोळीबार झाला. त्यात हुतात्मे झालेल्यांपैकी पैलवान मारुती बेन्नाळकर यांचे नाव कंग्राळी आजही आदराने घेते. संयुक्त महाराष्ट्राचे राज्य १९६० मध्ये साकारले, परंतु बेळगाव, निपाणी आणि आसपासची शेकडो मराठी गावे त्याच्या बाहेर राहिली. १९६६ मध्ये बापट यांनी याच प्रश्नासाठी मुंबईत उपोषण मांडले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने न्यायमूर्ती मेहेरचंद महाजन यांचा आयोग नेमला. आयोगाचा अहवाल ऑगस्ट १९६७ मध्ये आला. निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला द्यावे, बेळगाव शहर मात्र म्हैसूर राज्यातच ठेवावे, अशी त्याची शिफारस होती. महाराष्ट्राने तो फेटाळला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २८ नोव्हेंबर १९६७ रोजी, बापट यांचे मुंबईत निधन झाले.

ज्या प्रश्नासाठी त्यांनी अखेरचे अन्न वर्ज्य केले, तो २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. कंग्राळीत आणि सीमाभागातल्या इतर गावांत अजूनही समन्स येतात. पिशवीत कागद घेऊन, सोबत जामीनदाराला घेऊन माणसे सकाळी बेळगावच्या न्यायालयाकडे निघतात आणि नावाचा पुकारा झाला की उठून उभी राहतात.