नगरवैद्य पॅट्रिक गेडिस

इंदूरच्या लालबाग राजवाड्याचे भव्य लोखंडी दरवाजे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. खान नदीच्या काठी १८८६ मध्ये आरंभिलेले हे काम तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकीर्दीत, १९२१ मध्ये पूर्णत्वास गेले. संगमरवरी स्तंभ, रंगीत काचा आणि गुलाबांचे ताटवे यांनी हा प्रासाद सजत होता, त्याच काळात इंदूर दरबाराच्या निमंत्रणावरून एक वयोवृद्ध स्कॉटिश गृहस्थ शहरात येऊन राहिले. दाढी वाढलेली, केस विस्कटलेले, हाती नकाशांची गुंडाळी. राजवाड्याच्या वैभवापेक्षा गल्लीबोळांतील गटारे आणि विहिरी पाहण्यातच त्यांचा दिवस जाई. हेच पॅट्रिक गेडिस.

त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर या गावी झाला. वडील सैन्यातील; पण बागकामाचे मोठे शौकीन. त्यांच्या सहवासात पॅट्रिकना झाडामाडांचा लळा लागला. पुढे लंडनला हक्सलेंसारख्या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी जीवशास्त्राचा अभ्यास केला. संशोधनासाठी मेक्सिकोत गेले असता दृष्टीवर आघात झाला व काही काळ अंधाऱ्या खोलीत बसून राहावे लागले. एखादा खचला असता. गेडिस मात्र कागदाच्या घड्या बोटांनी चाचपीत विचारांची मांडणी करावयास शिकले. सूक्ष्मदर्शकाचे काम पुढे झेपेना, तेव्हा त्यांनी आपले लक्ष माणसांच्या वस्तीकडे वळविले.

१८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नवदांपत्याने बिऱ्हाड थाटले ते एडिंबरोच्या जुन्या, गलिच्छ व दाटीवाटीच्या वस्तीत! भिंतींना रंग देणे, मोकळ्या तुकड्यांवर बागा करणे, विद्यार्थ्यांसाठी निवास उभारणे ही कामे दोघांनी स्वतः अंगावर घेतली. १८८८ पासून गेडिस डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. परंतु त्यांचे खरे अध्यापन अशा रस्त्यांवरच चाले.

१९१४ मध्ये ते हिंदुस्थानात आले. नगररचनेचे त्यांचे प्रदर्शन ज्या जहाजातून येत होते, ते एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडविले. गेडिस यांनी मित्रांकडून नवे नकाशे व चित्रे मागविली आणि १९१५ च्या आरंभी मद्रासेत प्रदर्शन भरविलेच. पण याहून कठोर घाव पुढेच होता. एप्रिल १९१७ मध्ये थोरला मुलगा ॲलस्डेअर फ्रान्सच्या रणभूमीवर कामास आला. त्या वेळी ॲनाबाई हिंदुस्थानात रुग्णशय्येवर होत्या. ती वार्ता गेडिस यांनी त्यांना कळू दिली नाही. पुत्रवियोगाचे दुःख एकट्यानेच गिळले. जूनमध्ये कलकत्त्यास ॲनाबाईही निवर्तल्या.

असा उभा संसार उद्ध्वस्त झालेला मनुष्य इंदुरात आला होता. शहरात प्लेग व हिवताप यांचा सुळसुळाट होता. नकाशे घेऊन हिंडणाऱ्या या साहेबाकडे लोक भयाने पाहत. आता हा आपली घरे पाडणार, असे त्यांना वाटे. गेडिस यांनी हुकूम सोडले नाहीत. त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढण्याची परवानगी मागितली आणि दवंडी पिटविली, की मिरवणूक जुन्या ठराविक वाटेने न जाता जो भाग सर्वांत स्वच्छ असेल त्यातूनच जाईल. मग काय विचारता! आळीआळीत चढाओढ लागली. घरे झाडली गेली, डागडुजी झाली, कचऱ्याच्या गाड्यांमागून गाड्या बाहेर पडल्या.

मिरवणुकीत हत्तीघोडे होतेच. शिवाय प्लेगचा प्रचंड उंदीर व हिवतापाचे डास यांच्या प्रतिमा होत्या. त्यांच्यामागून नव्या घरांच्या प्रतिकृती मिरवत नेल्या. पण सर्वांत हृद्य देखावा निराळाच होता. नव्याने रंगविलेल्या गाड्या, शिंगे रंगविलेले बैल आणि शुभ्र वेषातील, गळ्यात फुलांचे हार घातलेले सफाई कामगार! ज्यांच्या सावलीचाही लोक विटाळ मानीत, त्यांना त्या दिवशी शहराने मान दिला.

१९१८ मध्ये गेडिस यांनी इंदूर दरबारास दोन खंडांचा अहवाल सादर केला. जुनी वस्ती सरसकट जमीनदोस्त करू नये. कुशल शस्त्रवैद्याप्रमाणे आवश्यक तेवढेच काढावे व बाकीचे जगवावे, हे त्यांचे सूत्र होते. पुढे १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. आमच्या कोकणातील मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांचे गुण त्यांनीच हेरले. घुर्ये पुढे उच्च शिक्षणासाठी विलायतेस गेले व परतल्यावर त्यांच्याच पीठावर विराजमान झाले.

प्रकृती ढासळल्यामुळे १९२४ मध्ये गेडिस हिंदुस्थान सोडून दक्षिण फ्रान्समधील माँपेल्ये या शहराजवळ राहावयास गेले. भूमध्य सागराजवळचा तो प्रदेश. लख्ख ऊन, कोरडी हवा आणि शहराबाहेरचा निवांतपणा. टेकडीवरची ती जमीन खडकाळ. आमच्याकडील कातळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तिची कल्पना येईल. थकलेल्या माणसाने तेथे केवळ विसावा घेतला असता, तर कोणी नावे ठेवली नसती. पण गेडिस यांनी त्या माळावर बागा फुलविल्या आणि देशोदेशीच्या विद्यार्थ्यांसाठी निवास उभारला. हिंदी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र निवास असावा म्हणूनही ते झटले. उन्हात बसून झाडाचे पान न्याहाळणे हाही तेथे पाठच असे. १९३२ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी माँपेल्ये येथेच त्यांनी देह ठेवला.

२०१७ पासून इंदूर सलग अनेक वर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले. तो मान आजच्या नागरिकांचा व झाडू हाती घेणाऱ्यांचा आहे. तरी लालबागेचे वैभव पाहताना, मुलांनो, त्या नकाशेवाल्या म्हाताऱ्याचीही आठवण ठेवा. स्वतःचे घर उजाड झाले असता तो दुसऱ्यांच्या घरांत उजेड व वारा यावा म्हणून गल्ल्या मोजीत हिंडत होता.