न विकली गेलेली मोटार

सरकारने लिलाव पुकारलाय, माल उत्तम आहे, मिळेल त्या भावात द्यायची तयारी आहे, आणि तरीही बोली लावायला एकही माणूस पुढे येत नाही, असं कधी ऐकलंय?

नागपुरात १९२३ साली हे घडलं. झेंडा सत्याग्रहाचे दिवस होते. वर्ध्याचे व्यापारी शेठ जमनालाल बजाज सत्याग्रहाचे पुढारी म्हणून पकडले गेले. शिक्षा झाली अठरा महिन्यांची आणि वर तीन हजार रुपये दंड. दंड वसूल करायला सरकारने त्यांची मोटार जप्त केली. त्या काळात मोटार किती जणांकडे असणार! पण नागपुरात तिला गिऱ्हाईकच मिळालं नाही. शेवटी विकायला ती पार काठेवाडात पाठवावी लागली.

आपल्याला इकॉनॉमिक्सच्या पेपरात मागणी आणि पुरवठ्याचे दोन वक्र काढायला शिकवतात. ही मोटार त्या ग्राफवर कुठे दाखवायची, हा प्रश्न मला पडला. तो का पडला, ते आधी सांगते.

फर्स्ट इयरला ड्रॉइंगच्या शीट्स आम्ही एकमेकींच्या बघून काढायचो. दोन खुर्च्यांवर काच ठेवायची, खाली बल्ब लावायचा आणि जीटी मारत रात्र काढायची. कुणी कुणाला पैसे मागत नव्हतं. माझा हात जरा बरा. सेकंड इयरला गेल्यावर एका ज्युनिअरने विचारलं आणि मी पन्नास रुपयांत तिची शीट काढून दिली. मग दुसरी आली, तिसरी आली. महिन्याभरात आख्ख्या मजल्यावर रेट ठरून गेला. शीटचे पन्नास, जर्नलचे शंभर. माझा मेसबाहेरचा खर्च निघू लागला आणि मी खूश होते.

मग माझ्या रूममेटला कावीळ झाली. महिनाभर घरी राहून सबमिशनच्या चार दिवस आधी ती परत आली. तिचं जर्नल कोरं होतं. रात्री ती नोटा मोजून माझ्या पलंगावर येऊन बसली आणि एकूण किती होतील ते विचारू लागली. मैत्रीण म्हणून मागावं, हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही. मी निम्मे घेतले, आणि तेव्हा मला वाटलं की मी तिच्यावर उपकारच केले.

दिवाळीत घरी, आष्टीला गेले होते. तिथे जमनालालजींचं एक जुनं चरित्र हाती लागलं. वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला हे नाव नवीन नाही. शाळा, कॉलेजं, चौक, सगळीकडे ते दिसतं. म्हणूनच बहुधा आपण त्यांच्याबद्दल काही वाचत नाही. मी तरी वाचलं नव्हतं.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ चा, राजस्थानात सीकरजवळच्या काशी का बास या लहानशा गावातला. वडील कनीराम, आई बिरदीबाई. घर गरीब. वर्ध्याचे श्रीमंत शेठ बच्छराज बजाज यांचा दत्तक मुलगा वारला होता, वंश पुढे न्यायला नातू हवा होता. शेठजींच्या पत्नी सद्दीबाईंनी या मुलाला पाहिलं आणि मागून घेतलं. मुलगा पाच वर्षांचा. बदल्यात पैसे देऊ केले, तेव्हा आईबापांनी ते नाकारले. गावाला पाण्याचे हाल होते, म्हणून बच्छराजांनी तिथे सगळ्यांसाठी विहीर बांधून दिली.

मी इथे पुस्तक मिटून बराच वेळ बसले. विहीर हीसुद्धा एक किंमतच नाही का? पोराच्या बदल्यात काहीतरी आलंच ना? पण मग लक्षात आलं की फरक आहे. रोख रक्कम कनीरामांच्या मुठीत आली असती, तर तो सौदा झाला असता आणि गावात पुढच्या पोराचा रेट निघाला असता. विहिरीचं पाणी कुणा एकाचं नव्हतं. तरीही एक गोष्ट खटकते. त्या पाच वर्षांच्या मुलाला कुणी विचारलं नव्हतं.

मुलगा वर्ध्यात वाढला. शाळा फारशी झाली नाही, पेढीवरच धंदा शिकला. खर्चायला रोज एक रुपया मिळायचा, तो साठवायचा. लोकमान्य टिळकांचा 'केसरी' नागपुरातून हिंदीत निघणार, त्यासाठी मदत हवी, असं कळल्यावर त्याने साठवलेले शंभर रुपये देऊन टाकले. वय सोळा-सतरा. पुढे त्यांनी लाखांनी देणग्या दिल्या, पण त्या शंभराइतकं समाधान कशात मिळालं नाही, असं ते सांगत.

सतराव्या वर्षी घरात मोठं भांडण झालं. एका लग्नाला जाताना अंगावर दागिने घालायचा बच्छराजांनी आग्रह धरला, याने नकार दिला. आजोबा भडकले आणि पैशाचा उद्धार झाला. मुलाने चिठ्ठी लिहिली. तुमच्या संपत्तीवर माझा कसलाही हक्क नाही, अंगावरच्या कपड्यांनिशी जातो आहे, मनात राग नाही, अशा अर्थाची. आणि घर सोडलं. आजोबांनी समजूत घालून परत आणलं. पुढे ते लवकरच वारले आणि सगळी इस्टेट याच मुलाकडे आली. एकदा सोडलेली संपत्ती आपली नाही, आपण फक्त राखणदार, ही भावना मात्र त्यांच्या मनातून गेली नाही. गांधीजींचा विश्वस्तपणाचा विचार कानावर येण्याच्या आधीची ही गोष्ट आहे.

यावरून जमनालालजी वैरागी होते असं समजू नका. ते पक्के व्यापारी होते. कापसाचा धंदा त्यांनी वाढवला, पुढे गोला गोकर्णनाथला साखर कारखाना काढला. १९२६ हे बजाज उद्योगसमूहाचं स्थापनावर्ष मानतात. नफ्याची त्यांना लाज नव्हती. पण काही गोष्टी त्यांनी बाजाराच्या बाहेर ठेवल्या. सरकारने त्यांना रायबहादूर केलं होतं. व्यापाऱ्याला अशी पदवी म्हणजे कचेरीत वजन. असहकाराच्या चळवळीत त्यांनी ती परत केली. १९२० च्या नागपूर काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. तिथेच त्यांनी गांधीजींना, मला तुमचा पाचवा मुलगा माना, असं मागणं घातलं. एकदा दत्तक गेलेल्या माणसाने या वेळी स्वतःचा बाप स्वतः निवडला! चळवळीसाठी वकिली सोडणाऱ्यांची घरं चालावीत म्हणून त्यांनी एक लाख रुपये दिले. त्यांच्याच आग्रहाने १९२१ मध्ये विनोबा वर्ध्याला आले. मोटारीची गोष्ट त्यानंतरची.

१९२८ मध्ये त्यांनी घराण्याचं वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुलं केलं. आज हे वाक्य सोपं वाटतं. पण त्या काळी व्यापाऱ्याची हुंडी चालायची ती जातभाईंच्या विश्वासावर. त्यांना दुखवणं म्हणजे स्वतःची पत पणाला लावणं. हिशेबात हा सौदा तोट्याचाच होता आणि तो त्यांनी हिशेब येत असूनही केला. पुढे मगनवाडीची बाग ग्रामोद्योग संघाला दिली. ज्या सेगावची मालगुजारी त्यांच्याकडे होती, तिथे १९३६ मध्ये गांधीजी राहायला आले. तेच आपलं सेवाग्राम. शेवटचे दिवस त्यांनी गोसेवेला वाहिले आणि गोपुरीत झोपडी बांधून राहिले. ११ फेब्रुवारी १९४२ ला ते अचानक वारले. वय अवघं बावन्न. त्यांच्यामागे जानकीदेवींनी आपली संपत्ती गोसेवेला देऊन टाकली.

आता एक शंका. श्रीमंताने स्वतःला विश्वस्त मानलं तर ठीक, नाही मानलं तर गरिबाने काय करायचं? सगळेच शेठ जमनालाल नसतात. त्यामुळे कायदा हवा, हमीभाव हवा, कामाचा मोबदला हवाच. आमच्या आष्टीकडे संत्र्याच्या बागेचा सौदा होतो तेव्हा बाबा एकेका रुपयासाठी व्यापाऱ्याशी भांडतात. त्यात काही चूक नाही. संत्र्याला भाव असावा आणि चांगला असावा. पण याच आष्टीत १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, जमनालालजी गेल्यावर सहा महिन्यांनी, लोक पोलीस ठाण्यावर तिरंगा घेऊन गेले आणि गोळ्या झेलल्या. तेही शेतीभातीचा, बाजाराचा व्यवहार करणारे लोक होते. गावात स्मारक आहे, दर नागपंचमीला तिथे माणसं जमतात. त्या दिवशी कुणाला मोर्चात येण्याचे पैसे देऊ केले असते, तर मला वाटतं अर्धे लोक अपमान झाला म्हणून घरी गेले असते.

इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचा एक अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर कमी होण्याऐवजी जवळपास दुप्पट झाला. आधी बाईंना थांबावं लागतं याची लाज वाटायची, आता उशीर विकत मिळू लागला. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर कमी झाला नाही. हे वाचलं आणि मला आमचा मजला आठवला.

सुट्टीवरून आल्यावर मी रूममेटचे पैसे परत केले. तिने हसून घेतले. शीटचा रेट मी बंद केला. आता कुणी अडलं तर शेजारी बसवून शिकवते, शीट ज्याची त्याने काढायची. पण खरं सांगू? रूममेट अजूनही काही मागताना क्षणभर अडखळते. रेट लावायला मला एक मिनिट लागलं होतं, तो पुसायला किती सेमिस्टर लागतील माहीत नाही.

नागपूरच्या लिलावात त्या दिवशी शेकडो लोकांनी स्वस्तातली मोटार सोडली. हातात पैसे असूनही काही गोष्टी विकत घ्यायच्या नसतात, एवढं त्यांना कळत होतं. आपल्या मजल्यावर असा एखादा लिलाव पुकारला गेला तर आपणही गप्प उभं राहू शकू का? विचार करून बघा.