चिंतामणराव आणि मुंबईची हद्द

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला हद्दी कोणी शिकवाव्या लागत नाहीत. न्हावाशेव्याहून निघालेले कंटेनर मुंबईला वळसा घालून आमच्या दारावरून गुजरातकडे जातात. दक्षिणेला मुलुंडचा नाका, पश्चिमेला घोडबंदर ओलांडले की दहिसरचा. २०१७ साली जकात रद्द होईपर्यंत या नाक्यांवर मालमोटारींच्या रांगा लागत. पण ती हद्द महापालिकेची होती. १९५६ च्या जानेवारीत दिल्लीने घेतलेला निर्णय टिकला असता, तर मुंबई एका बाजूला केंद्राच्या ताब्यातला प्रदेश आणि ठाणे दुसऱ्या बाजूला राज्य, अशी हद्द आखली गेली असती. मुलुंड, बोरिवली, दहिसर तेव्हा बृहन्मुंबईत आलेच नव्हते. ते १९५७ साली आले. म्हणजे ती रेघ आजच्यापेक्षाही आत, भांडुप-जोगेश्वरीच्या आसपास कुठेतरी पडली असती.

ती रेघ पुसण्यात अनेकांचा हात होता. शंभराहून अधिक माणसांनी त्यासाठी प्राण दिले. त्या साऱ्या कथेत एक माणूस मला नेहमी थोडा वेगळा, थोडा परका वाटत आला आहे. तो कधी मोर्च्यात चालला नाही, मैदानी सभा गाजवणे हा त्याचा पिंड नव्हता. तो केंद्राचा अर्थमंत्री होता आणि त्याने राजीनामा दिला. चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. आमच्या पिढीला चिंतामणराव आधी भेटले ते सहीतून. लॉकर विभागात काम करताना एखाद्या जुन्या घरातल्या पेटीतून सहाव्या जॉर्जच्या चित्राच्या नोटा निघत आणि त्यावर गव्हर्नर म्हणून देशमुखांची सही असे. ११ ऑगस्ट १९४३ रोजी ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. तोवरचा त्यांचा प्रवास आपल्याकडच्या हुशार मुलांना वडीलधारी मंडळी सांगत आली तसाच आहे: महाडजवळच्या नाते गावी १४ जानेवारी १८९६ चा जन्म, बालपणातली काही वर्षे रोह्यात, १९१२ साली मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, केंब्रिजला निसर्गविज्ञानाची पदवी, १९१८ साली आय.सी.एस. परीक्षेत पहिला क्रमांक. मग मध्य प्रांत आणि वऱ्हाडात सनदी नोकरी. दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयात काम. साहेबाच्या राज्यात त्यांनी निष्ठेने नोकरी केली, १९४४ साली सर हा किताबही घेतला. स्वातंत्र्यलढ्यातला माणूस म्हणून त्यांच्याकडे पाहू गेल्यास हाती काही लागत नाही.

त्यांचे खरे काम संस्था उभारण्याचे. १९४४ साली ब्रेटन वुड्सला जागतिक बँक आणि नाणेनिधी यांची आखणी झाली, तेव्हा ते भारतीय शिष्टमंडळात होते. ते गव्हर्नर असतानाच १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली. १९५० साली जॉन मथाई यांनी अर्थखाते सोडले. नियोजन आयोगाकडे जाणारे अधिकार मथाईंना पसंत नव्हते. त्यांच्या जागी पंडित नेहरूंनी देशमुखांना आणले. १९५२ साली ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले. १९५३ साली दुर्गाबाईंशी विवाह झाला, साक्षीदार म्हणून खुद्द नेहरू. पुढे १ जुलै १९५५ ला इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विम्याचा धंदा वटहुकुमाने सरकारने ताब्यात घेतला, तो निर्णयही रेडिओवरून त्यांनीच देशाला सांगितला.

गंमत पाहा. केंद्राच्या हाती पैशाची सूत्रे एकवटण्याचे काम या माणसाइतके क्वचितच कोणी केले असेल. आणि केंद्राने एका शहरावर हात ठेवला म्हणून मंत्रिपद सोडणाराही हाच.

इथे मला अमेरिकेचा इतिहास आठवतो. जॉर्ज वॉशिंग्टनच्या पहिल्या मंत्रिमंडळात अर्थखाते अलेक्झांडर हॅमिल्टनकडे आणि परराष्ट्रखाते थॉमस जेफर्सनकडे होते. हॅमिल्टनला बळकट केंद्र हवे होते आणि त्यासाठी एक राष्ट्रीय बँक. घटनेत असा अधिकार केंद्राला दिलेलाच नाही, असे जेफर्सनचे म्हणणे. १७९१ साली वॉशिंग्टनने बँकेच्या कायद्यावर सही केली. १७९३ च्या अखेरीस जेफर्सन बाहेर पडला. त्या देशाच्या घटनेत राजकीय पक्षांचा शब्दही नाही, पण पहिले दोन पक्ष जन्मले ते या भांडणातून. आपल्याकडे हॅमिल्टन आणि जेफर्सन दोघेही जणू एकाच माणसाच्या अंगात आले. बँक त्यानेच बांधली आणि घटना दाखवून राजीनामाही त्यानेच दिला.

अमेरिकेच्या घटनेत आणखी एक कलम आहे, ते आपल्या विषयाला फार जवळचे. कुठल्याही राज्याच्या पोटातून नवे राज्य काढायचे, तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती लागते. आपल्या घटनेचे तिसरे कलम तसे नाही. राज्याची हद्द बदलणे, नाव बदलणे, त्याचे तुकडे करणे, हे सगळे संसद साध्या बहुमताने करू शकते. राज्याच्या विधिमंडळाचे मत फक्त विचारायचे. ते मानायचेच असे बंधन नाही. डिसेंबर १९५५ मध्ये, पुनर्रचनेचा वाद ऐन भरात असताना, पाचवी घटनादुरुस्ती झाली आणि ते मत किती दिवसांत कळवायचे ही मुदत ठरवण्याचा अधिकारही राष्ट्रपतींकडे गेला. फाळणीची जखम ओली होती, देश सांधायचा होता, म्हणून घटनाकारांनी केंद्राला एवढे बळ दिले, हे समजू शकते. पण मग असे बळ वापरताना सगळी मदार उरते ती रीतीवर. विषय मंत्रिमंडळापुढे आला का? संसदेला आधी कळले का? की ते पक्षाच्या व्यासपीठावरून ठरले?

चिंतामणरावांचे भांडण नेमके इथे होते, आणि हे आपण मराठी माणसे सोयीने विसरतो. आपल्याला ते महाराष्ट्रासाठी राजीनामा फेकणारे म्हणून आवडतात.

घटनाक्रम थोडक्यात असा. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या अखेरीला आला. त्यात मुंबईसह द्विभाषिक राज्य आणि वेगळा विदर्भ सुचवलेला. २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी रेडिओवरून मुंबई केंद्रशासित होणार असे जाहीर केले आणि शहर पेटले. मुख्यमंत्री मोरारजी देसाईंच्या पोलिसांनी पुन्हा गोळ्या चालवल्या. चिंतामणरावांनी राजीनामा पुढे केला, पण तो लगेच अमलात आला नाही. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी करा, ही त्यांची मागणी होती. चौकशी झाली नाही.

या सहा महिन्यांवरून त्यांच्यावर टीका झाली. गेला का नाही तेव्हाच, असा प्रश्न गिरगावातल्या माणसाने विचारला असणे स्वाभाविक आहे. त्याच्या चाळीतला मुलगा गेला होता. अर्थसंकल्प तोंडावर होता, दुसरी पंचवार्षिक योजना सुरू व्हायची होती, हे माझ्यासारख्या कारकुनी पिंडाच्या माणसाला पटते. ज्याचे घरचे माणूस गेले त्याला ते पटावे, असा आग्रह मी धरणार नाही.

मग जून आला. मुंबईत अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक भरली आणि तिथे नेहरूंनी सांगितले की मुंबई पाच वर्षे केंद्राकडे राहील. म्हणजे एका राज्याच्या राजधानीचे भवितव्य पक्षाच्या अधिवेशनात जाहीर झाले. चिंतामणरावांच्या मते मंत्रिमंडळाने असा निर्णय घेतलेलाच नव्हता. २५ जुलै १९५६ रोजी त्यांनी लोकसभेत निवेदन केले. मंत्रिमंडळाला बाजूला ठेवून, घटनेची रीत न पाळता पंतप्रधानांनी हा प्रश्न हाताळला, असा त्याचा आशय होता. नेहरूंना हा आरोप मान्य नव्हता. सहकाऱ्यांशी सल्लामसलत झालीच होती, अशी त्यांची भूमिका.

बँकेत एक साधा नियम असतो. शाखाधिकारी कितीही मोठा असो, कर्ज कितीही चांगले असो, अधिकारापलीकडची रक्कम द्यायची तर वरची मंजुरी कागदावर आधी हवी. नंतर मिळवलेली मंजुरी तपासनीसाला खटकते, मग कर्ज वेळेवर फिटले तरी. चिंतामणरावांचे निवेदन मला तपासनीसाच्या शेऱ्यासारखे वाटते: निर्णय बरोबर की चूक हा पुढचा प्रश्न, आधी सही कोणाची ते दाखवा. नेहरूंइतका लोकप्रिय पंतप्रधान, पाठीशी एवढा प्रचंड पक्ष. अशा वेळी समितीत काय ठरले आणि मंत्रिमंडळात काय ठरले यातला फरक कोण पाहतो? पंतप्रधानांना तोंडावर तो विचारायला मंत्रिमंडळात मराठी असणे पुरेसे नव्हते.

ऑगस्टमध्ये संसदेने तिसराच मार्ग काढला. मुंबई केंद्रशासित झाली नाही. गुजरात, विदर्भ, मराठवाडा, सगळे घेऊन १ नोव्हेंबर १९५६ ला मोठे द्विभाषिक राज्य आले. ते साडेतीन वर्षे चालले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. चिंतामणराव तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष म्हणून दिल्लीत होते. राजीनाम्याच्या लाटेवर बसून ते सहज पुढारी होऊ शकले असते. त्यांनी विद्यापीठांची अनुदाने पाहिली, पुढे १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले, आणि फावल्या वेळात कालिदास वाचला. मेघदूताचे त्यांचे मराठी रूपांतर आहे. ठाणे महापालिकेने स्पर्धा परीक्षांसाठी चालवलेल्या संस्थेला त्यांचे नाव आहे. आमच्या भागातली मुले तिथे जातात. त्यातल्या दोघांना मी राजीनाम्याविषयी विचारले, तर त्यांना तारीख ठाऊक होती. कारण विचारल्यावर त्यांनी मुंबई एवढाच शब्द सांगितला.

पक्षाच्या राजकारणाशी त्यांची गाठ आणखी एकदा पडली. १९६९ साली काँग्रेस दुभंगत असताना राष्ट्रपतिपदासाठी गिरी आणि संजीव रेड्डी असा सामना झाला. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाने चिंतामणरावांना उभे केले. महिनाभर आधीच चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झालेले, आणि त्याला कडाडून विरोध करणाऱ्या पक्षाचा उमेदवार कोण, तर ज्याच्या काळात रिझर्व्ह बँक, इम्पीरियल बँक आणि विमा सरकारकडे गेले तो! मतांच्या मूल्यात त्यांना १ लाख १२ हजारांवर मते मिळाली आणि ते तिसरे आले. पहिल्या पसंतीत कोणालाच बहुमत नव्हते. दुसऱ्या पसंतीच्या मोजणीत त्यांची बहुतेक मते रेड्डींकडे वळली, तरी गिरीच निवडून आले.

१९७५ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. १९८१ च्या मे महिन्यात दुर्गाबाई गेल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेत चिंतामणरावांचे निधन झाले. दुर्गाबाई आंध्रच्या. मराठी राज्याच्या राजधानीसाठी मंत्रिपद सोडलेल्या या माणसाचे अखेरचे दिवस असे तेलुगू मुलखात गेले.