सरफोजी राजांचा मनोरा

तंजावर जिल्ह्यात, पट्टुकोट्टैच्या दक्षिणेस समुद्रकाठी एक आठ मजली मनोरा उभा आहे. तो उभारला दुसऱ्या सरफोजी राजे भोसले यांनी. निमित्त होते १८१४ मध्ये युरोपात झालेल्या नेपोलियनच्या पाडावाचे. ज्या इंग्रजांनी आपले राज्य घेतले त्यांच्याच विजयाचे स्मारक राजाने बांधावे, ही गोष्ट आजच्या राष्ट्राभिमानी मनाला निव्वळ लाचारी वाटेल. पण मनोऱ्यामागची हकीकत इतकी सरळ नाही.

सरफोजींचा जन्म १७७७ चा. त्याच्या चारच वर्षे आधी, १७७३ मध्ये, कंपनीच्या फौजेने अर्काटच्या नवाबासाठी तंजावर जिंकून तुळजाजी राजांना कैद केले होते. १७७६ मध्ये लंडनच्या आदेशाने गादी परत मिळाली, तीही किल्ल्यात कंपनीची पलटण ठेवून घेऊन. पुढे १७८१ मध्ये हैदरअलीच्या स्वारीने कावेरीच्या मुखाकडील गावे उजाड झाली. त्याच वर्षी इंग्रजांनी डचांचे नागपट्टणम घेतले. इंग्लंड-फ्रान्सचा झगडा तेव्हा अमेरिकेपासून बंगालच्या उपसागरापर्यंत पेटलेला होता. कारैकलला फ्रेंच, तरंगमबाडीला डेन, नागपट्टणमला डच: भातशेतीच्या या चिंचोळ्या पट्ट्यात अर्धा युरोप ठाण मांडून बसला होता. गावकऱ्यांना या युद्धांची कारणे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ओसाड शेते मात्र त्यांच्याच वाट्याला आली.

१७८७ मध्ये तुळजाजींनी मृत्यूपूर्वी दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले. पंडितांनी हे दत्तकविधान अशास्त्रीय ठरवले आणि मद्रासकरांनी तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांना गादीवर बसवले. पुढे वारे फिरले, दुसऱ्या पंडितांनी तेच दत्तकविधान सशास्त्र ठरवले आणि १७९८ मध्ये सरफोजी राजे झाले. शास्त्र तेच होते. बदलली होती ती सरकारची मर्जी. अहवाल कसे तयार होतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटू नये. मुलाचा सांभाळ करून त्याची बाजू लावून धरणारे जर्मन मिशनरी श्वार्त्झ त्याच वर्षी वारले.

गादीची किंमत लगेच चुकवावी लागली. मे १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले. फ्रेंचांच्या धास्तीचे कारण वेलस्लीच्या हाती होतेच. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावरचा सारा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तो किल्ला व भोवतालचा परिसर, वर्षाला एक लाख होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा.

वयाच्या बाविसाव्या वर्षी राज्य गमावलेल्या या पुरुषाने उरलेली बत्तीस वर्षे ज्या कामात घालवली, त्यामुळेच त्यांचे नाव टिकले. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी नानाविध भाषांच्या पोथ्यांनी आणि युरोपीय ग्रंथांनी वाढवले. देवनागरी छापखाना काढला, धन्वंतरी महालात औषधींचा अभ्यास चालवला. ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्रात वाटसरूंच्या अन्नाबरोबर मुलांच्या शिक्षणाचीही सोय केली. आणि १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या प्राकारभिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवला. राज्य गेल्यावर चारच वर्षांनी वंशाची कथा दगडात उतरवणारा माणूस अपमान विसरला होता, असे कसे म्हणावे? तक्रार मात्र त्यांनी कोरली नाही. मनोऱ्याचा अर्थही याच भिंतीबरोबर लावला पाहिजे.

७ मार्च १८३२ रोजी ते निवर्तले. त्यानंतर सात वर्षांनी इंग्रजांनी चीनवर अफूचे युद्ध लादले. अफू हिंदुस्थानची होती, आणि त्या स्वारीत मद्रासच्या पलटणीही होत्या. मे १८४१ मध्ये कँटनजवळ सान्युआनलीच्या गावकऱ्यांनी भर पावसात मद्रासी शिपायांची एक तुकडी घेरली. चकमक छोटी होती. १८४२ च्या नानकिंग तहाने चीनला हाँगकाँग आणि २ कोटी १० लाख डॉलर द्यावे लागले, त्यापुढे ती नगण्यच. तरीही चिनी राष्ट्रवादाने तिला प्रतिकाराचे प्रतीक केले. अपमानाचे शतक हा तिथे पाठ्यपुस्तकाचा विषय आहे. १९९० च्या दशकातील देशभक्तीच्या शिक्षणमोहिमेने त्याला आणखी धार आणली. तैवान असो वा दक्षिण चिनी समुद्र, बीजिंगला माघार घेणे अवघड जाते, त्यामागे ही जोपासलेली जखमही आहे.

तंजावरात तसे घडले नाही. सरफोजींचा संयम हे त्याचे एक कारण खरे, पण मोठे कारण वेगळे दिसते. दरबाराची भाषा मराठी होती, गावांची तमिळ. गादी गेली तेव्हा शेतकऱ्याच्या दृष्टीने सारा घेणारा हात बदलला, एवढेच. अपमान राजवाड्याचा झाला, गावांचा नाही. उलट, सान्युआनलीत परकी फौज गावकऱ्यांच्याच दारात आली होती.

सरफोजींचे पुत्र शिवाजी राजे १८५५ मध्ये पुत्रहीन वारले. कंपनीने उरलासुरला किल्ला आणि राजघराण्याची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी दाद मागितली. मद्रासच्या न्यायालयात त्यांना यशही आले. पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. ही जप्ती म्हणजे राज्यसत्तेची कृती आहे, ती न्याय्य असो वा अन्याय्य, तिची तपासणी कोणत्याही न्यायालयाला करता येणार नाही, असे ठरले. कायद्याच्या ग्रंथांत तो खटला आजही राणीच्याच नावाने नोंदलेला आहे.