पॉलिटेक्निकचे जनक क्विंटिन हॉग

‘पॉलिटेक्निक’ हा शब्द आज आपल्याकडे तालुक्याच्या गावीही सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. दहावी उतरलेला मुलगा तेथे यंत्रविद्या शिकतो व पुढे कोठेतरी नोकरीस लागतो, एवढे पालकांस ठाऊक असते. परंतु इंग्लंडात हा शब्द कामकरी मुलांच्या शिक्षणाशी ज्यांनी कायमचा जोडून दिला, ते गृहस्थ अव्वल दर्जाचे फुटबॉलपटू होते, हे फार थोड्यांस माहीत असेल. त्यांचे चरित्र आम्ही आज आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहो.

क्विंटिन हॉग यांचा जन्म लंडन शहरी ता. १४ फेब्रुवारी १८४५ रोजी झाला. त्यांचे वडील सर जेम्स हॉग हे पूर्ववयात कलकत्त्यास वकिली करीत असत व पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष झाले. घरी संपत्तीची वाण नव्हती. ईटनच्या प्रसिद्ध शाळेत क्विंटिन यांचा नावलौकिक पुस्तकांपेक्षा मैदानावर अधिक होता. इ. स. १८७०च्या सुमारास इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यामध्ये फुटबॉलचे जे अगदी आरंभीचे सामने झाले, त्यांत ते स्कॉटलंडच्या बाजूने खेळले. शाळा सोडल्यावर ते व्यापारात शिरले व साखरेच्या धंद्यात त्यांनी पुष्कळ द्रव्य मिळविले. ही साखर दक्षिण अमेरिकेतील डेमेरारा येथील मळ्यांची. त्या प्रांतातील मळ्यांत आपल्याच देशातून करारबद्ध होऊन गेलेले मजूर राबत असत. त्यांच्या घामाचा वाटा या कथेत आहे, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

व्यापारात पडून एक-दोन वर्षे होतात न होतात तोच लंडनच्या रस्त्यांवरील अनाथ मुलांची दशा पाहून या तरुणाचे मन अस्वस्थ झाले. रस्ते झाडणाऱ्या दोन पोरांना घेऊन थेम्स नदीजवळच्या कमानींखाली त्यांनी आपली पहिली शाळा भरविली. रिकाम्या बाटलीच्या तोंडात खोचलेली मेणबत्ती हा दिवा, आणि पवित्र शास्त्राच्या दोन प्रती ही क्रमिक पुस्तके! थोड्याच वेळात शिपायाची चाहूल लागली, आणि विद्यार्थी गुरुजींस तेथेच सोडून अंधारात पसार झाले. दुसरा कोणी असता तर तेवढ्यावरच थांबला असता. परंतु या मुलांची भाषा व त्यांचे जिणे आपणांस कळत नाही, हेच आपले अज्ञान, असे हॉग यांनी ठरविले. त्यांनी बूट पुसणाऱ्या पोराची पेटी व ब्रश पैदा केले, फाटके कपडे चढविले, आणि दिवसाचा धंदा आटोपल्यावर रात्री त्या मुलांमध्ये राहून ते त्यांचीच विद्या शिकले. आर्थर किनेअर्ड हे त्यांचे मित्रही या कार्यात सामील झाले. तेही फुटबॉलचे मोठे खेळाडू. पुढे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचे ते अध्यक्ष झाले.

काही वर्षांनी हीच पोरे मोठी होऊन कामास लागली, तेव्हा नवा प्रश्न उभा राहिला. दिवसभर कारखान्यात वा दुकानात खपून आलेल्या तरुणाने संध्याकाळी जावे कोठे? दारूचा गुत्ता मात्र उघडा असे. त्याला वर्गात या म्हटले तर तो येत नसे. उपदेशास या म्हटले तर त्याहून येत नसे. फुटबॉल खेळावयास ये म्हटले की मात्र तो धावत येई. त्या काळच्या पुष्कळ धर्मशील मंडळींस खेळ व करमणूक यांची भीती वाटे. ख्रिस्ती संस्थेत त्यांस स्थान नसावे असे त्यांचे मत होते. हॉग यांना ते पटले नाही. शरीर, बुद्धि, आत्मा आणि स्नेहीसोबती या चारही अंगांनी माणूस वाढला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. खेळ हे त्यांच्या मते नुसते आमिष नव्हते. इ. स. १८७३ साली त्यांनी तरुणांसाठी एक संस्था काढली. ती १८७८ मध्ये लाँग एकर येथे मोठ्या जागेत गेली, आणि तीही लवकरच अपुरी पडली.

तेव्हा रीजंट स्ट्रीटवरील रॉयल पॉलिटेक्निक ही बंद पडलेली इमारत त्यांनी विकत घेतली. पूर्वी तेथे शास्त्रीय चमत्कार दाखवीत, आणि पाण्यात उतरणाऱ्या लोखंडी घंटेत बसावयास लोक पैसे देत. सप्टेंबर १८८२ मध्ये तिचे दरवाजे नव्याने उघडले, आणि पहिल्याच हंगामात सभासदांची संख्या सहा हजारांवर गेली. व्यायामशाळा होती, पुढे पोहण्याचा तलाव झाला. फुटबॉल, क्रिकेट, धावणे, होड्या वल्हविणे यांची निरनिराळी मंडळे होती. व्यायामशाळेसाठी आलेला मुलगा त्याच जिन्याने वर्गाकडे वळे. तेथे सुतारकाम, गवंडीकाम, नळकाम, यंत्रकाम, चित्रकला असे विषय रात्री शिकवीत. कालचा हमाल सहा महिन्यांनी हाती करवत घेऊन उभा आहे, असे तेथे घडू शकत होते.

आमच्या मते या व्यवस्थेचे खरे मर्म मंडळांच्या कारभारात होते. ही मंडळे सभासद स्वतःच चालवीत. वर्गणीचा हिशेब ठेवणे, सामन्याची वेळ पाळणे, आपण निवडलेल्या कप्तानाचा हुकूम मानणे आणि हरल्यावर तोंड वाकडे न करणे, हे ज्याच्या अंगवळणी पडले, त्याला ठेवून घेण्यास कोणता मालक नाही म्हणेल? मात्र आमच्या विद्यार्थ्यांनी यातून सोयीचा तेवढाच अर्थ काढू नये. नुसता चेंडू लाथाडून तेथे कोणासही नोकरी लागली नाही. मैदानावर मिळालेली शिस्त रात्रीच्या वर्गात नेणारालाच तिचा उपयोग झाला.

केंब्रिजच्या क्रिकेट संघाचे माजी कप्तान कायनॅस्टन स्टड हे इ. स. १८८५च्या सुमारास या कार्यात येऊन मिळाले, व हॉग यांच्यामागे संस्थेचे अध्यक्ष झाले. स्वतः हॉग यांनी आपल्या पदरचे सुमारे एक लाख पौंड या कामी वेचले. त्यांचा कित्ता पाहून लंडनच्या इतर भागांतही पॉलिटेक्निके निघाली.

ता. १७ जानेवारी १९०३ रोजी पॉलिटेक्निकमध्येच स्नानगृहात गॅसच्या विषारी धुराने गुदमरून त्यांचा अंत झाला. इ. स. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमधील मॅरेथॉनची शर्यत आखण्याचे काम त्यांच्याच संस्थेच्या धावपटूंच्या मंडळाकडे होते, आणि २६ मैल ३८५ यार्ड हे अंतर प्रथम त्याच शर्यतीत धावले गेले. संस्थेस १९९२ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळून ती वेस्टमिन्स्टर विद्यापीठ झाली. इमारतीपासून जवळच हॉग यांचा पुतळा आहे. ते पुस्तक घेऊन बसले आहेत व दोन मुले त्यांच्यापाशी आहेत. त्यांतील एकाजवळ फुटबॉल आहे. त्यांच्या पत्नी ॲलिस यांचे आणि महायुद्धांत कामी आलेल्या पॉलिटेक्निकच्या सभासदांचे स्मरण मागाहून त्याच चौथऱ्यावर कोरण्यात आले.