भस्म पुन्हा पेटते का?

धातू तापवला की त्याचे भस्म होते, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. पण ते भस्म आणखी तापवले तर आपोआप पेट घेईल का? या प्रश्नामागचे कोडे पॅरिसच्या अन्त्वान लव्हाझिए यांनी तराजूच्या आधारे उलगडले.

२६ ऑगस्ट १७४३ रोजी जन्मलेल्या लव्हाझिए यांनी पदवी कायद्याची घेतली, पण ओढ विज्ञानाची होती. जळताना पदार्थातून ‘फ्लॉजिस्टन’ नावाचे द्रव्य निघून जाते, अशी तेव्हाची समजूत होती. तसे असेल तर भस्म मूळ धातूपेक्षा हलके हवे. प्रत्यक्षात ते जड भरत होते. १७७४ मध्ये लव्हाझिए यांनी बंद काचपात्रात कथील तापवले. एकूण वजन बदलले नाही. पात्र उघडताच हवा आत शिरली आणि वजन वाढले. म्हणजे धातूने पात्रातलीच हवा घेतली होती.

त्याच वर्षी इंग्लंडचे जोसेफ प्रीस्टली पॅरिसला आले. पाऱ्याचे लाल भस्म तापवल्यावर निघणाऱ्या वायूत मेणबत्ती झगझगीत जळते, हे त्यांनी लव्हाझिए यांना सांगितले. लव्हाझिए यांनी पारा हवेत सलग १२ दिवस तापवून लाल भस्म मिळवले. तेच भस्म अधिक कडक आचेवर ठेवताच पारा आणि वायू वेगळे झाले. भस्म स्वतः पेटले नाही, कारण ते आधीच ‘जळून’ झालेले होते. या वायूला त्यांनी ऑक्सिजन हे नाव दिले. (पाऱ्याची वाफ विषारी असते, हा प्रयोग घरी मुळीच करू नये.)

लोखंडाची अतिबारीक पूड हवेत पेटू शकते, पण पूर्ण गंजलेल्या लोखंडाची लाल पूड पेटत नाही, याचे कारणही हेच. मात्र काही ऑक्साइडे तापल्यावर ऑक्सिजन सोडतात आणि शेजारचा जळाऊ पदार्थ भडकवतात. म्हणून ‘पेटत नाही’ याचा अर्थ ‘निर्धोक’ असा होत नाही.

पुढे लाप्लास यांच्यासह त्यांनी गिनीपिगच्या शरीरातील उष्णतेने किती बर्फ वितळतो, ते मोजले आणि श्वसन हेही संथ ज्वलनच असल्याचे दाखवले. पत्नी मारी इंग्रजी लेखांचे भाषांतर करीत. १७८९ च्या त्यांच्या रसायनशास्त्राच्या ग्रंथातील उपकरणांची चित्रेही मारी यांचीच.

लव्हाझिए सरकारसाठी कर गोळा करणाऱ्या मंडळाचे भागीदार होते. फ्रेंच राज्यक्रांतीत तेच त्यांना भोवले. ८ मे १७९४ रोजी, वयाच्या पन्नाशीत, त्यांचा शिरच्छेद झाला. त्यांची पद्धत मात्र टिकली. आजही प्रयोगशाळेत अनोळखी भुकटी तापवताना तिचे वजन सतत मोजतात. वजन वाढले तर तिने हवेतून काहीतरी घेतले. घटले तर तिच्यातून काहीतरी बाहेर पडले.