विश्वेश्वरय्या आणि शाळेची टाकी

आठवीत असताना अभियंता दिनाला मी विश्वेश्वरय्यांवर भाषण केलं होतं. दुसरा नंबर आला. भाषणात दोन गोष्टी होत्या. आगगाडीत बसल्या बसल्या रुळांचा आवाज बदललेला ओळखून त्यांनी साखळी ओढली, ही एक. सरकारी काम संपताच सरकारी मेणबत्ती विझवून स्वतःची लावली, ही दुसरी. या खऱ्या किती आणि सांगोवांगी किती, देव जाणे. पण भाषणात पाण्याचा उल्लेखच नव्हता. गंमत म्हणजे घसा कोरडा पडला म्हणून स्टेजवरून उतरून मी थेट शाळेच्या मागच्या टाकीकडे धावले आणि नळाखाली ओंजळ धरली. ते पाणी खडकवासल्याचं होतं, आणि त्या धरणाशी या माणसाचा काय संबंध, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आज ते भाषण दुरुस्त करून पुन्हा करते आहे असं समजा.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म 15 सप्टेंबर 1861चा, म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचा. वडील संस्कृतचे पंडित. ते लवकर गेले. मुलाने शिकवण्या करत बंगळूरला बी.ए. केलं आणि संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर इंजिनिअरिंग शिकायला पुण्याला आला. तेव्हाचं ‘कॉलेज ऑफ सायन्स’ म्हणजे आजचं सीओईपी. 1883 साली तिथल्या परीक्षेत पहिला येऊन पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात लागला. पहिली नेमणूक नाशिकला, मग खानदेशात. म्हणजे उमेदवारीची वर्षं सगळी आपल्याकडची. रानडे, गोखले यांच्या सहवासातलं पुणं त्यांनी पाहिलं.

मला सगळ्यात आवडतं ते सक्करचं काम. हे गाव सिंधमध्ये, सिंधू नदीच्या काठावर. नदी दारात, पण पाणी इतकं गढूळ की पिववत नाही. गाळण्या बांधायला नगरपालिकेकडे पैसे नव्हते. विश्वेश्वरय्यांनी नदीलगत विहीर घेतली आणि वाळूतून झिरपून येणारं पाणी त्या विहिरीत गोळा केलं. म्हणजे गाळणीचं काम नदीच्याच वाळूकडून करून घेतलं. तिथून पाणी टेकडीवरच्या टाकीत चढवलं की पुढे उतारानं गावभर. 1895 साली हे काम पूर्ण झालं. कमी बजेटमध्ये चालणारी सिस्टिम उभी करणं काय असतं, हे आमच्या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

मग पुणं. खडकवासल्याचं धरण 1879 साली पूर्ण झालेलं, त्याच्या जलाशयाला फाइफ साहेबाचं नाव. शहर, लष्कर आणि कालव्याखालची शेती, सगळ्यांची तहान त्यावर. पावसाळ्यात सांडव्यावरून कितीतरी पाणी वाहून जायचं आणि उन्हाळ्यात ओढाताण व्हायची. धरणाची भिंत उंच करणं खर्चाचं. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर दरवाजे बसवले. बंद असताना ते पातळी सुमारे 8 फूट जास्त धरून ठेवत. पाणी ठरलेल्या रेषेवर गेलं की त्याच पाण्याच्या जोरावर, प्रतिवजनांच्या यंत्रणेतून ते आपोआप उघडत. पातळी उतरली की आपोआप मिटत. साल 1903. रात्री दोन वाजता नदी फुगली तरी कुणाला उठवायला नको. मी वीस वर्षं सर्व्हर सांभाळते आणि रात्री दोनच्या फोनवर उठते. त्या दरवाज्यांचा मला खरोखर हेवा वाटतो. या रचनेचं पेटंट त्यांच्या नावावर होतं, पण काम नोकरीत असताना केलं म्हणून त्याचं मानधन त्यांनी घेतलं नाही. हा किस्सा मात्र मेणबत्तीपेक्षा जास्त पटण्यासारखा आहे.

पुढे ते एडनच्या पाण्याची आणि सांडपाण्याची योजना करून आले. सप्टेंबर 1908मध्ये मुसी नदीच्या पुरानं हैदराबादेत हजारो माणसं दगावली, तेव्हा त्यांना बोलावणं गेलं. त्यांनी शहराच्या वरच्या अंगाला तलाव बांधायला सांगितले. उस्मानसागर 1920 साली झाला, हिमायतसागर 1927 साली. पूर अडवणाऱ्या त्याच भिंतींमागचं पाणी हैदराबादच्या नळांना आलं. म्हैसूरचं दिवाणपद, कृष्णराजसागर, ‘सर’ ही पदवी, 1955चं भारतरत्न हे सगळं भाषणात होतं, तेव्हा इथे सोडते. आपल्या बॅचचे निम्मे लोक बंगळूरला आहेत, त्यांच्यासाठी एवढंच: तुमच्या शहराला 1933 साली पाणी देऊ लागलेला तिप्पगोंडनहळ्ळीचा तलावही यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीच्या शिफारशीतून आला.

एक गोष्ट मात्र मला टोचते. नळ गावात आणणं एक आणि त्या नळाला हात कुणी लावायचा हे दुसरं. पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना 1868 सालीच खुला केला होता. महाडच्या तळ्याचं पाणी घ्यायला बाबासाहेबांना 1927 साली हजारो माणसं घेऊन जावं लागलं. विश्वेश्वरय्यांच्या योजनांमध्ये हा प्रश्न मला कुठे दिसला नाही. उलट संस्थानच्या नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांसाठी जागा राखून ठेवण्याला त्यांचा विरोध होता आणि त्या मतभेदातूनच 1918 साली त्यांनी दिवाणपद सोडलं. गुणवत्तेवर त्यांची श्रद्धा होती, पण शिष्यवृत्ती मिळण्याआधी वडिलांकडून आलेली अक्षरओळख त्यांनी हिशेबात धरली नाही असं मला वाटतं. माझं मत कुणाला पटणार नाही, मेळाव्यात भांडू.

आता आजीची गोष्ट. 12 जुलै 1961. पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्यानं खडकवासलाही फुटलं. आजीचा वाडा सदाशिव पेठेत, उंचावर. घरात पाणी शिरलं नाही. पण दुसऱ्या दिवशी नळाला थेंब नाही. आजी सांगायची की पुराची भीती एका दिवसात गेली, नळाची गेली नाही. वाड्यातला आड कित्येक वर्षं कुणी वापरला नव्हता, त्यात केरकचरा पडलेला. तो उपसला, दोर बांधला, आणि सगळ्या बिऱ्हाडांनी रांग लावली. ज्या बायकांचं शिवण, वाचन, भिशी नळामुळे जमत होतं, त्यांची सकाळ पुन्हा पाणी शेंदण्यात जाऊ लागली. आजी तेव्हा बी.ए.ला बाहेरून बसायच्या तयारीत होती. त्या वर्षी नाही बसली. पुढेही राहूनच गेलं. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते, शंभरीला दोन महिने बाकी. ज्या धरणावर आपण दरवाजे बसवले ते वाहून गेलं, ही बातमी त्यांनी ऐकलीच असेल. एप्रिल 1962मध्ये ते गेले. धरण पुन्हा बांधलं गेलं, नळ पुन्हा आले. आजी मात्र शेवटपर्यंत रोज रात्री पिंप भरून ठेवायची आणि आम्ही तिला हसायचो.

आता हसत नाही. मी राहते त्या सोसायटीला टँकर लागतो. गेल्या मे महिन्यात महिनाभर दिवसाला अकरा. सकाळी ऑफिसच्या कॉलमध्ये असताना एका कानानं मी टँकरचा हॉर्न ऐकत असते, कारण वॉचमनकडच्या वहीवर सही करायची त्या आठवड्यातली पाळी माझी. पैसे मोजता येतात म्हणून आम्हाला पाणी मिळतं. समोरच्या पत्र्याच्या खोल्यांतल्या बायका आमच्या टँकरच्या पाइपमधून गळणारं पाणी कळशीत धरतात.

हा अंक तुमच्या हातात पडेल त्या दिवशी मी शाळेत जरा लवकर येणार आहे. मागच्या बाजूला टाकी अजून आहे का बघायचंय. आठ नळ होते, त्यातले दोन कायम मोडलेले. लेक बरोबर येणार आहे, पण स्वतःची बाटली घेऊनच येईन म्हणते.